दुर्बिणीतून दिसणारी माणसे

शिखरे सर झाल्याच्या तारखा हव्या तितक्या सापडतात. बचावपथके कशी जन्मली हे मात्र शोधावे लागते. फ्रान्समधल्या पथकांचा माग काढताना मी १९५६च्या नाताळापाशी पोहोचलो. जाँ व्हँसाँदाँ आणि फ्राँस्वा आँरी हे दोन तरुण माँ ब्लाँवर वादळात अडकले होते. पायथ्याच्या शामोनी गावातून लोक त्यांना दुर्बिणीने पाहत होते!

तेव्हा बचावाचे काम गावचे वाटाडे स्वेच्छेने करीत. भर हिवाळ्यात, हिमप्रपातांच्या भीतीने, त्यांची जाणती मंडळी माणसे पाठवायला कचरली. त्यांना भित्रे ठरवणे मला पटत नाही. त्यांनाही बायकामुले होती. अन्नपूर्णा मोहिमेतला लिओनेल तेरे मात्र स्वयंसेवक जमवून निघाला. पुढे त्याने वाटाड्यांच्या संघटनेचा राजीनामाच दिला. ३१ डिसेंबरला हवाई दलाचे सिकोर्स्की हेलिकॉप्टर त्या दोघांजवळच कोसळले. आता वाचवायला गेलेल्यांनाच वाचवायची पाळी आली. हिमदंशाने जायबंदी झालेल्या दोघांना हेलिकॉप्टरच्या सांगाड्यात ठेवावे लागले. ३ जानेवारीला शोध थांबला. मृतदेह मार्चमध्ये खाली आले.

धाडसी माणसे होती, यंत्रेही होती. ‘निघा’ म्हणण्याचा अधिकार कोणाचा, एवढेच ठरलेले नव्हते, असे माझे मत. १९५८मध्ये ही जबाबदारी सरकारने आपल्याकडे घेतली आणि शामोनीत जाँदार्मरीचे, म्हणजे लष्करी शिस्तीच्या पोलिसांचे, खास पथक उभे राहिले. उंच डोंगरातून त्यांनी उतरवून आणलेल्या माणसाला आजही त्याचे बिल येत नाही.