रामनामी ओढणी

रायपूरहून बिलासपूरच्या दिशेने पुढे गेल्यावर रतनपूर लागते, जेथे अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजींनी छत्तीसगडचा कारभार पाहिला आणि टेकडीवर रामाचे देऊळ उभारले. अशा देवळांचे उंबरठे ज्यांना अस्पृश्य म्हणून निषिद्ध होते, त्यांच्यातूनच 1890च्या दशकात, जांजगीर-चांपा भागातील चारपारा गावच्या परशुरामाच्या प्रेरणेने, रामनामी पंथ उदयास आला. मूर्तीचे दर्शन नाकारले गेले, तेव्हा या माणसांनी निर्गुण रामाचे नाव देहावर गोंदवले आणि वस्त्रावरही उतरवले.

रामनामींची ही ओढणी जाडसर पांढऱ्या सुती कापडाची. तिच्यावर काळ्या अक्षरांत 'राम राम' इतके दाटीने लिहिलेले, की ओळींमधून कापड जेमतेम डोकावते. ती शालीप्रमाणे खांद्यांवर घेतात किंवा डोक्यावरून पांघरतात; भजनाच्या वेळी मस्तकावर मोरपिसांचा मुकुट आणि पायांत घुंगरू असतात. स्त्री-पुरुष दोघेही ती पांघरतात, आणि पुरोहिताच्या मध्यस्थीवाचून चाललेल्या या उपासनेतील ही समता मला सर्वाधिक आदरणीय वाटते.

पौषातील रामनामींचा भजनमेळा एका वर्षी महानदीच्या उत्तरेस, तर दुसऱ्या वर्षी दक्षिणेस भरतो. नव्या पिढीत सर्वांगावर गोंदवून घेणारे विरळ झाले आहेत; ओढणी मात्र अद्याप पांघरली जाते.