माप झालं, पण...

मंडळी, परवा नातू म्हणाला, "आबा, तुम्हाला बांगलादेशच्या बातम्यांचं एवढं काय हो?" त्याला जे सांगितलं तेच इथं लिहून ठेवतो.

डिसेंबर १९७०. मी नागपूरला बी.ए.ला होतो. पाकिस्तानात प्रौढ मतदानानं पहिलीच सार्वत्रिक निवडणूक ७ तारखेला झाली. आम्ही खोलीतले चौघे रेडिओला कान लावून बसलो होतो. शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगनं पूर्व पाकिस्तान जवळजवळ सगळा जिंकला. वादळग्रस्त भागातलं मतदान मागाहून जानेवारीत झालं, ते धरून १६२ पैकी १६० जागा! एकूण ३०० जागांत स्पष्ट बहुमत. पश्चिमेकडे भुट्टोंच्या पक्षाला ८१.

आम्ही परके, पण आनंद असा की जणू आमचाच उमेदवार निवडून आला. आता लष्कर बराकीत जाईल, १९६५ च्या युद्धापासून बंद पडलेला व्यापार सुरू होईल, शेजारी शेजाऱ्यासारखे राहतील. मी वडिलांना चार पानी पत्र लिहिलं.

संक्रांतीला भिवापूरला आलो. सातऱ्यावर बाया मिरचीची देठं खुडत होत्या. वडील म्हणाले, "पत्र वाचलं बाबू. पण माप झालं म्हंजे पैसा हाती आला असं नाही. समोरचा देते का, ते पाहा लागते."

मला ते अडाणीपणाचं वाटलं. राग आला, बोललो मात्र नाही.

१ मार्च १९७१ ला याह्याखानांनी ढाक्याची नियोजित बैठक पुढं ढकलली. २५ मार्चच्या रात्री लष्कर रस्त्यावर उतरलं. पुढं सुमारे एक कोटी माणसं जीव घेऊन आपल्याकडे आली. नोव्हेंबरपासून लिफाफ्यावर पाच पैशांचं शरणार्थी साहाय्याचं जादा तिकीट लावावं लागे. घरी पाकीट पाठवताना ते चिकटवायचो, तेव्हा ते चार पानी पत्र आठवायचं. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, बांगलादेश स्वतंत्र झाला. पण मतपेटीतून जे मिळालं होतं, त्यासाठी केवढी माणसं मेली!

पुढं मास्तर झालो आणि निवडणुकीची ड्युटी मागं लागली. निकालाच्या दिवशी माझी नजर हरलेल्याकडेच जायची. तो चडफडत का होईना, पण घरी जायचा. १९७७ च्या मार्चमध्ये इंदिराबाई रायबरेलीत हरल्या. त्याआधी आणीबाणी लादली होती, ते विसरत नाही. पण निकाल लागल्यावर त्यांनी राजीनामा दिला. त्या रात्री मला वडिलांचे शब्द आठवले. समोरच्यानं दिलं होतं.

बांगलादेशात मात्र पुढंही घडी बसली नाही. जानेवारी २०२४ च्या निवडणुकीवर तिथल्या प्रमुख विरोधी पक्षानं बहिष्कार घातला, आणि ऑगस्टमध्ये शेख हसीनांना, म्हणजे मुजीबांच्याच लेकीला, देश सोडून भारतात यावं लागलं. विरोधक रिंगणातच नसेल, तर हरणार कोण आणि सोडणार कोण?

नातवानं विचारलं, "मग आशा ठेवायचीच नाही का?" ठेवायची बाबा. मी अजून ठेवतो. फक्त पत्र लिहायची घाई करत नाही.

असो. तुमच्यापैकी कुणाला १९७० चा तो निकाल आठवतो का? जरूर कळवा.