बाळाचा पहिला कागद



एका दिवाळीच्या साफसफाईत मी मुलीच्या जन्माच्या वेळची दवाखान्याची फाईल रद्दीत घातली. दुकानाच्या जुन्या वह्या मात्र फडक्यात बांधून माळ्यावर जपल्या होत्या! पुढे तिच्या बाळंतपणात डॉक्टरांनी जुने कागद विचारले, तेव्हा मी गप्प झाले. मग या कागदांचा इतिहास शोधू लागले आणि त्यातला मोठा भाग आपल्याच नागपुरात सापडला.

नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर टिपून तपासायची पद्धत १९६० च्या सुमारास अमेरिकेत डॉ. रॉबर्ट गथ्री यांनी रुजवली. आपल्या विदर्भाचा प्रश्न वेगळा होता, सिकलसेलचा. भारतात तो प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत दिसला. १९५८ मध्ये डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. पुढे नागपूरच्या संपत रामटेके यांनी या रुग्णांसाठी संस्था उभी केली. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

नागपूरच्या शासकीय मेडिकलमध्ये डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी गरोदर बायांची तपासणी केली. ज्या वाहक निघाल्या, त्यांच्या बाळांचं रक्त जन्मानंतर लगेच तपासलं. अशी दोन हजारांवर बाळं तपासली गेली. आजारी निघालेल्यांवर पुढे लक्ष ठेवून लसी आणि पेनिसिलिन वेळेवर सुरू करता आलं.

यातली खरी गोम अशी की आजारी बाळ जन्मतः अगदी गुटगुटीत दिसतं. पोटातलं रक्त त्याला पहिले काही महिने सांभाळून घेतं. म्हणजे आजाराची खूण बाळाच्या अंगावर नसते, फक्त कागदावर असते. तो कागद हरवला तर पहिला जोराचा ताप येईपर्यंत कोणालाच पत्ता लागत नाही.

आता हिशोब बघा. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमानुसार डॉक्टरांनी भरती रुग्णाचे कागद किमान ३ वर्षं ठेवायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे. पण वाहक असल्याची नोंद खरी उपयोगी पडते ती पंचवीस वर्षांनी, लग्न ठरताना. मधली बावीस वर्षं तो कागद जपायचा कोणी? घरच्या बाईनेच.

"आपल्यात सिकलसेल नसतो," असं म्हणाल. पण थॅलेसेमियाचे वाहक व्यापारी समाजांतही सापडतात. दोघंही वाहक असले तर दर बाळंतपणात बाळ आजारी निघण्याची शक्यता चारात एक. स्थळ मोडेल म्हणून हा कागद कपाटात दडवणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. वाहक आजारी नसतो, त्यात लाजायचं काय? दडवण्याने सून आणि नातवंडं भोगतात. आपण सत्य आणि अहिंसा ही व्रतं मानतो. ती इथेच पाळायची.

१ जुलै २०२३ ला शहडोलमध्ये देशव्यापी सिकलसेल मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांना तपासून कार्ड द्यायचं ठरलं. सरकार कार्ड देईल, जपणं आपल्या हातात आहे.

म्हणून सांगते, डिस्चार्ज कार्ड, तपासणीचा रिपोर्ट आणि लसीकरणाचं कार्ड एका फाईलमध्ये ठेवा, फोटो काढून मुलांच्या फोनमध्येही टाका. अपरिग्रह म्हणून खुशाल जुन्या साड्या द्या, पण ही फाईल नको. दिवाळीला वहीपूजन करतो ना? यंदा त्या वह्यांशेजारी नातवंडांच्या फाईलीही मांडा. मी मांडणार आहे.