धोतराचा कॅन्सर आणि परळची लॅब

कॅन्सरवर संशोधन करायचं कुणी, डॉक्टरांनी की सायंटिस्टनी? उत्तर शोधायला आज आपण जाऊया ऐंशीएक वर्षं मागे, मुंबईच्या परळमध्ये.

२८ फेब्रुवारी १९४१ ला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळा सांभाळायला आले डॉ. वसंत रामजी खानोलकर. ते पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे आजाराचा माग सूक्ष्मदर्शकाखाली काढणारे डॉक्टर. पण त्यांची नजर काचपट्टीवर थांबत नव्हती. १९४५ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासोबत भारतातल्या तीन कॅन्सरबद्दल लिहिलं. खैनी ओठाशी धरून ठेवल्यानं होणारा. चुट्टा उलटा, पेटतं टोक तोंडात घेऊन ओढल्यानं टाळूला होणारा. आणि तिसरा, धोतर कमरेला घट्ट आवळल्यानं तिथल्या कातडीला होणारा!

आता विचार करा. पेशंट नेसतो काय, ओढतो कसं, हे विचारल्याशिवाय लॅबला हे कळलंच नसतं. पण पुढचा प्रश्न उरतोच. पेशी मुळात बिघडते कशी? त्यासाठी वर्षानुवर्षं पेशींच्या मागे लागणारी माणसं हवीत.

अशी एक मुलगी पुण्यात होती. कमल समर्थ. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. लेकीनं डॉक्टर व्हावं, डॉक्टरशीच लग्न करावं, ही त्यांची इच्छा. कमलनं दोन्ही केलं नाही! तिनं वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं, सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींवर एमएस्सी केली, आणि लग्न केलं गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी.

पण मुंबईत आल्यावर ती पोचली थेट कॅन्सर हॉस्पिटलात. खानोलकरांच्या हाताखाली कमलताईंनी पीएचडी केली, १९४९ मध्ये. मला या गोष्टीतलं हेच सगळ्यात भारी वाटतं. झाडांच्या पेशी बघणाऱ्या मुलीला एका डॉक्टरनं कॅन्सर शिकवला. ट्रेनिंग म्हणतात ते हेच!

पुढे त्या अमेरिकेत, जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. तेच गाय, ज्यांच्या लॅबमध्ये १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या पेशंटच्या पेशी पहिल्यांदा शरीराबाहेर वाढत राहिल्या. वॉर्डातला तुकडा लॅबमध्ये पोचला, म्हणून हे शक्य झालं. पण लॅक्सबाईंना त्यासाठी कुणी विचारलं नव्हतं, हेही विसरायला नको.

परत आल्यावर कमलताईंनी परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये ऊती-संवर्धनाची, म्हणजे टिश्यू कल्चरची लॅब उभी केली. देशातली पहिली. हे सेंटर १९५२ मध्ये सुरू झालेलं, संचालक पुन्हा खानोलकरच. तिथे उंदरांमधल्या स्तनाच्या कॅन्सरवर काम झालं. कुष्ठरोगावरच्या लशीसाठी वापरलेला जंतूही इथेच वाढवला गेला. त्याचं नावच 'आयसीआरसी', या सेंटरच्या आद्याक्षरांवरून!

१९६६ मध्ये हॉस्पिटल आणि संशोधन संस्था एकत्र आल्या, टाटा मेमोरियल सेंटर म्हणून. कमलताईंना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

तर मंडळी, सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: एकाच छपराखाली बसवलं म्हणून डॉक्टर आणि सायंटिस्ट एकत्र येत नाहीत. एकानं दुसऱ्याला आपलं काम शिकवावं लागतं, आणि दुसऱ्यानं आपला विषय सोडून ते शिकायची तयारी ठेवावी लागते.

बारावीनंतर 'मेडिकल की प्युअर सायन्स' यात अडकलेला कुणी मित्र असेल, तर त्याला हा भाग नक्की पाठवा. भेटूया पुढच्या भागात!