कॅम्पेन्स इन्क.

कॅम्पेन्स इन्क. ही अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील राजकीय सल्लागार संस्था होती. क्लेम व्हिटेकर आणि लिओन बॅक्स्टर यांनी ती १९३३ साली स्थापन केली. निवडणूक प्रचार आणि विधेयकांच्या बाजूने वा विरोधात जनमत घडवणे हाच ज्यांचा संपूर्ण व्यवसाय होता, अशा संस्थांमध्ये ही जगातील पहिली मानली जाते. संस्थापकांच्या नावावरून ती 'व्हिटेकर अँड बॅक्स्टर' म्हणूनही ओळखली जाई.

पार्श्वभूमी

हा व्यवसाय प्रथम कॅलिफोर्नियातच उभा राहिला, याचे कारण त्या राज्याच्या राजकीय रचनेत आहे. शिकागोसारख्या शहरांत मते मिळवण्याचे काम पक्षाचे वस्तीपातळीवरील कार्यकर्ते करीत. कॅलिफोर्नियात मात्र सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीचा राजकारणावरील पगडा मोडण्यासाठी १९११ साली, गव्हर्नर हायरम जॉन्सन यांच्या कारकिर्दीत, राज्यघटनेत दुरुस्त्या झाल्या. पुरेशा सह्या गोळा केल्यास नागरिकांना कायद्याचा मसुदा थेट मतदानास ठेवता येऊ लागला, तसेच विधिमंडळाने संमत केलेला कायदा सार्वमताने फेटाळता येऊ लागला. पुढे उमेदवारांना एकापेक्षा अधिक पक्षांच्या प्राथमिक निवडणुकीत उभे राहण्याचीही मुभा मिळाली. परिणामी पक्षसंघटना दुबळ्या झाल्या आणि मतदारांपुढे क्लिष्ट प्रस्तावांची रांग लागली. हे प्रस्ताव लोकांना समजावून सांगणारी यंत्रणा कोणाकडेच नव्हती. धनाढ्यांचा प्रभाव रोखण्यासाठी केलेल्या सुधारणांनीच पैसे घेऊन जनमत घडवणाऱ्यांना वाव मिळाला, हा या इतिहासातील मोठा विरोधाभास होय.

स्थापना

व्हिटेकर हे मूळचे पत्रकार. १९३३ साली सेंट्रल व्हॅली प्रकल्प या जल व वीज योजनेच्या कायद्याविरुद्ध पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या खासगी वीज कंपनीच्या पाठबळाने सार्वमत मागण्यात आले. योजनेच्या बाजूने प्रचार करण्यासाठी सॅक्रामेंटोतील वकील शेरिडन डाउनी यांनी व्हिटेकर आणि तरुण लेखिका बॅक्स्टर यांना एकत्र आणले. सुमारे ३९ हजार डॉलर खर्चात, लहान वृत्तपत्रे आणि आकाशवाणी यांच्या साहाय्याने त्यांनी सुमारे ३३ हजार मतांनी विजय मिळवला. पराभूत वीज कंपनीने त्यानंतर त्यांनाच वार्षिक मानधनावर नेमले. व्हिटेकर आणि बॅक्स्टर यांचा विवाह १९३८ साली झाला.

१९३४ची गव्हर्नरपदाची निवडणूक

महामंदीच्या काळात कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर हे कॅलिफोर्नियातून दारिद्र्य संपवण्याचा कार्यक्रम घेऊन डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. त्यांच्या जोडीला लेफ्टनंट गव्हर्नरपदासाठी शेरिडन डाउनी उभे होते, म्हणजे कॅम्पेन्स इन्क.चे पहिले अशीलच. संस्थेने मात्र डाउनी यांचे प्रतिस्पर्धी, रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज हॅटफिल्ड, यांचे काम स्वीकारले. व्हिटेकर आणि बॅक्स्टर यांनी सिंक्लेअर यांची पुस्तके चाळून त्यांतील आक्षेपार्ह वाटतील अशी वाक्ये निवडली. विवाह, धर्म यांविषयी कादंबरीतील पात्रांच्या तोंडी असलेली विधाने वृत्तपत्रांत लेखकाची स्वतःची मते म्हणून झळकू लागली. या उताऱ्यांचा मूळ प्रश्नाशी संबंध नव्हता, हे बॅक्स्टर यांनी पुढे मान्य केले. सिंक्लेअर यांना रोखणे एवढाच हेतू असल्याचे त्यांचे म्हणणे होते. रिपब्लिकन फ्रँक मेरियम यांना ११,३८,६२० तर सिंक्लेअर यांना ८,७९,५३७ मते पडली. अर्थात, राज्यातील बडी वृत्तपत्रे आणि हॉलिवूडमधील चित्रपट कंपन्याही सिंक्लेअर यांच्या विरोधात होत्या. त्यामुळे पराभवाचे सर्व श्रेय एका संस्थेला देता येत नाही.

कार्यपद्धती

मोहीम हाती घेताच दोघे प्रथम तिचा लेखी आराखडा तयार करीत आणि मग प्रतिपक्ष काय करील, याचाही आराखडा लिहीत. निधीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग मतदानापूर्वीच्या महिन्यासाठी राखून ठेवला जाई. विषय सोपा करावा, तोच पुन्हा पुन्हा सांगावा, बचावापेक्षा हल्ल्यावर भर द्यावा, अशी त्यांची सूत्रे होती. सामान्य मतदाराला शिकण्याची इच्छा नसते, त्याला झुंज तरी हवी असते किंवा तमाशा, असे व्हिटेकर यांचे मत होते. संस्थेच्या वृत्तसेवेतून तयार अग्रलेख आणि व्यंगचित्रे फुकट पाठवली जात. मनुष्यबळ अपुरे असलेली ग्रामीण वृत्तपत्रे ती अनेकदा जशीच्या तशी छापत. १९३३ ते १९५५ या काळात संस्थेने ७५ पैकी ७० मोहिमा जिंकल्याचे सांगितले जाते.

आरोग्यविम्याविरुद्धच्या मोहिमा

१९४२ साली अर्ल वॉरन यांच्या गव्हर्नरपदाच्या प्रचारात संस्था सहभागी होती. मात्र त्यांच्या संमतीविना प्रसिद्धिपत्रक काढल्यावरून संबंध तुटले. वॉरन यांनी १९४५ साली राज्यात सक्तीच्या आरोग्यविम्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा कॅलिफोर्निया मेडिकल असोसिएशनने विरोधासाठी याच संस्थेला नेमले. विधेयक बारगळले.

राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या राष्ट्रीय आरोग्यविमा योजनेविरुद्ध अमेरिकन मेडिकल असोसिएशनने हीच जोडी वार्षिक १ लाख डॉलर मानधनावर घेतली. खर्चासाठी सदस्य डॉक्टरांकडून प्रत्येकी २५ डॉलर मागण्यात आले. १९४९ साली झालेला सुमारे १५ लाख डॉलरचा खर्च विधिमंडळावर प्रभाव टाकण्यासाठी तोवर झालेला सर्वांत मोठा खर्च मानला जातो. आजारी मुलाच्या उशाशी बसलेला डॉक्टर दाखवणारे ल्यूक फिल्ड्स यांचे १८९१ सालचे चित्र दवाखान्यांत लावण्यात आले. या चित्रात राजकारण आणू नका, असे त्याखाली लिहिलेले असे. एका पत्रकात सरकारी वैद्यकसेवेविषयी लेनिन यांच्या नावाने एक विधान छापले होते. काँग्रेसच्या ग्रंथालयाला ते लेनिन यांच्या लेखनात आढळले नाही. केवळ विरोध पुरेसा नाही, हे ओळखून संस्थेने ऐच्छिक खासगी विम्याचाही पुरस्कार केला. ट्रुमन यांची योजना संमत झाली नाही. ६५ वर्षांवरील नागरिकांसाठीची मेडिकेअर ही सरकारी विमा योजना १९६५ साली अस्तित्वात आली.

टीका आणि नंतरचा काळ

पत्रकार कॅरी मॅकविल्यम्स यांनी १९५१ साली 'द नेशन' या साप्ताहिकात लेखमाला लिहून संस्थेच्या प्रभावावर टीका केली. कोणालाही उत्तरदायी नसलेली खासगी संस्था राज्याचे सार्वजनिक निर्णय घडवते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. १९५८ साली कॅलिफोर्नियातील व्यवसाय व्हिटेकर यांच्या मुलाकडे गेला. व्हिटेकर १९६१ साली, तर बॅक्स्टर २००१ साली निधन पावल्या. दरम्यान या पेशात स्पर्धक संस्था वाढल्या आणि १९६९ साली राजकीय सल्लागारांची राष्ट्रीय संघटना अमेरिकेत स्थापन झाली.