तेलंगांचे मनगट, लासलगावचा मोबाइल

लासलगावच्या बाजार समितीत लिलाव सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअपच्या रांगांमधून व्यापाऱ्यांचा घोळका पुढे सरकू लागतो. एखादा हात ट्रॉलीतल्या ढिगात जातो, चार कांदे बाहेर येतात, पत्ती म्हणजे वरची साल पाहिली जाते, बोली चढते, कागदावर आकडा पडतो आणि घोळका पुढच्या वाहनाकडे वळतो. या गर्दीच्या डोक्यावर आता आणखी काही हात दिसतात, मोबाइल धरलेले. लाल कांद्याला काय निघाले, उन्हाळ कांदा कितीवर गेला, गोल्टीला, म्हणजे बारीक कांद्याला, कोणी विचारले का, हे चांदवड-येवल्याच्या मळ्यात बसलेल्या शेतकऱ्याला त्याच दिवशी दिसते. १९४७ साली सुरू झालेल्या या समितीचा लौकिक आशियातली सर्वांत मोठी कांदापेठ असा आहे. तिथला किमान, कमाल आणि सरासरी भाव आकाशवाणीवरून आणि वर्तमानपत्रांतून घरोघरी जात होताच. आता भावासोबत मालही दिसतो.

व्हिडिओ काढणाऱ्याच्या मोबाइलमध्ये सेटिंग उघडले की आकड्यांची एक रांग समोर येते: १०८०पी, ४के, ३० एफपीएस, ६० एफपीएस, १६:९, ९:१६. बहुतेक जण तिकडे बघतही नाहीत आणि त्यांचे काही बिघडत नाही. पण यातला जवळपास एकही आकडा मोबाइल कंपन्यांनी स्वतःच्या मनाने ठरवलेला नाही. काही आकडे फिल्मच्या पट्टीने ठरवले, काही विजेने, तर एक चक्क तडजोडीतून निघाला. भारतापुरती ही हकिकत सुरू होते ती लासलगावच्याच जिल्ह्यातल्या दोन माणसांपाशी.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. १९१२ च्या सुरुवातीला ते लंडनला गेले, चित्रपट बनवण्याची रीत पाहून आले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मागवला. कच्ची फिल्म यायची तिला कडेची भोके नसत. ती अंधारात बसून पाडावी लागत आणि त्या कामात सरस्वतीबाई फाळके तरबेज झाल्या. पैसे लावणारा माणूस मिळावा म्हणून फाळक्यांनी जो पहिला नमुना तयार केला, त्यात ना राजा होता ना राणी. कुंडीत वाटाणा पेरून ठरावीक अंतराने त्याची एकेक चौकट टिपायची आणि मग सगळ्या चौकटी सलग दाखवायच्या. पडद्यावर बी फुटले, कोंब वर आला, वेल झाला. मोबाइलमध्ये आज ज्याला टाइमलॅप्स म्हणतात तो हाच प्रकार. टिपण्याचा वेग एक आणि दाखवण्याचा वेग दुसरा ठेवला की काळ आखडता येतो, हे फाळक्यांना पहिला कथापट काढण्याआधीच कळले होते.

त्या पहिल्या कथापटाच्या, ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी कॅमेरा सांभाळला त्र्यंबक तेलंग यांनी. फाळक्यांनीच त्यांना तयार केले. त्या कॅमेऱ्याला मोटार नव्हती, हाताने फिरवायचा दांडा होता. त्या काळच्या कॅमेऱ्यांत दांड्याच्या एका फेऱ्यात साधारण आठ चौकटी पुढे सरकत; सेकंदाला दोन फेरे घातले की सोळा चौकटी. म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’चा फ्रेम रेट, मोबाइलच्या भाषेत एफपीएस, तेलंगांच्या मनगटात होता. मनगट दमले की वेग उतरे, प्रसंग रंगला की चढे.

हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागलेल्या या चित्रपटाची लांबी ३,७०० फूट. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्ममध्ये एका फुटात १६ चौकटी मावतात, म्हणजे एकूण ५९,२०० चौकटी. सेकंदाला १६ च्या वेगाने त्या दाखवल्या तर खेळ एक तास दोन मिनिटांच्या आसपास चालतो. सेकंदाला २४ च्या वेगाने सोडल्या तर ४१ मिनिटांत आटोपतो. पुस्तकांतून या चित्रपटाची लांबी बहुधा ४० मिनिटे दिलेली असते, ती वाचताना हा फरक ध्यानात ठेवलेला बरा. जुन्या मूकपटांतली माणसे तुरुतुरु चालताना दिसतात त्याचेही कारण हेच. ती सावकाशच चालत होती. आपली यंत्रे त्यांना घाई करतात. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळेच काय ती आज उरली आहेत, आणि तीही १९१७ साली पुन्हा काढलेल्या आवृत्तीची असावीत असे काही अभ्यासकांचे मत आहे.

फाळके १९१३ मध्येच मुंबई सोडून नाशिकला आले. इथेच त्यांनी पुढचे चित्रपट काढले, १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी इथेच उभी राहिली आणि १९४४ च्या फेब्रुवारीत त्यांचा अंतही नाशिकलाच झाला. कांद्याचा जिल्हा, द्राक्षांचा जिल्हा, कुंभमेळ्याचा जिल्हा या नाशिकच्या ओळखींत हिंदुस्थानी चित्रपटाचे गाव ही ओळख जरा मागेच पडते.

चौकटींच्या वेगाला शिस्त लागली ती आवाजामुळे. चित्र थोडे जलद गेले तर डोळा चालवून घेतो, पण गाणे जलद गेले तर कान लगेच तक्रार करतो. फिल्मच्या कडेला ध्वनीची पट्टी छापायची तर फिल्म एकाच गतीने धावायला हवी, म्हणून १९२० च्या दशकाअखेरीस सेकंदाला २४ चौकटी हा दर पक्का झाला. १९३२ च्या प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’पासून मराठी बोलपट सुरू झाला तोवर कॅमेऱ्यावरची मनगटाची सत्ता संपली होती.

मग ३० कुठून आले? अमेरिकेच्या विजेतून. तिथला वीजपुरवठा ६० हर्ट्झचा, म्हणून टीव्हीने त्याच्या निम्म्या, म्हणजे सेकंदाला ३० चौकटी घेतल्या. युरोपात आणि भारतात वीज ५० हर्ट्झची, म्हणून आपल्याकडे २५. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि त्यानंतरची कित्येक वर्षे मराठी घरांनी बातम्या, नाटके, ‘आमची माती आमची माणसं’ हे सारे सेकंदाला २५ च्या चालीने पाहिले. मोबाइल आला तो मात्र ३० घेऊन. लासलगावच्या, निफाड तालुक्यातल्या विजेला अमेरिकेतला हा हिशेब मंजूर नाही, आणि त्याचा पुरावा कोणालाही घरबसल्या मिळतो. उघड्यावर उन्हात चाललेल्या लिलावाचा व्हिडिओ स्वच्छ येतो, कारण ऊन लुकलुकत नाही. संध्याकाळी कांदाचाळीत साध्या एलईडी दिव्याखाली तोच मोबाइल धरला की कधी कधी चित्रावरून काळसर पट्टे सरकू लागतात. दिवा सेकंदाला शंभर वेळा उजळतो-मंदावतो आणि ३० ने १०० ला भाग जात नाही. सेटिंगमध्ये २५ निवडायची सोय असली की पट्टे सरकायचे थांबतात, आणि शटर सेकंदाच्या पन्नासाव्या अथवा शंभराव्या भागावर बांधता आले की ते जातात. बरेच मोबाइल ही दुरुस्ती आपोआप करू पाहतात. नेहमी जमतेच असे नाही. ६० चौकटींचा खरा उपयोग बैलगाडा शर्यतीसारख्या ठिकाणी होतो. लिलावात धावत काहीच नसते, बोली सोडून.

रिझोल्यूशनची गोष्ट त्या मानाने सरळ आहे. जुन्या दूरदर्शनचे चित्र ६२५ ओळींचे असे, त्यातल्या ५७६ डोळ्यांना दिसणाऱ्या. सुरुवातीच्या कॅमेरावाल्या मोबाइलचा व्हिडिओ बहुधा १७६ बाय १४४ ठिपक्यांचा असे, म्हणजे सारे मिळून २५,३४४ ठिपके. त्यात कांदा आणि बटाटा ओळखायचा तर रंगावर विसंबावे लागे. १०८०पी म्हणजे १,९२० बाय १,०८०, जवळपास २१ लाख ठिपके. ४के त्याच्या बरोबर चौपट, सुमारे ८३ लाख. आकडा चौपट झाला म्हणून माल चौपट स्पष्ट दिसतो असे मात्र नाही. व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की तो दाबून लहान केला जातो आणि ४के चे बरेचसे ठिपके वाटेतच गळतात. एकाच ट्रॉलीवर शेकडो कांदे, प्रत्येकाची साल वेगळी चमकणारी, वरून कॅमेरा हलता. अशा चित्राला दाबणे तर आणखी अवघड, म्हणून ढिगाची पार लापशी होते. मोबाइल क्षणभर स्थिर धरून, जवळ जाऊन १०८०पी मध्ये घेतलेली पत्ती लांबून फिरवलेल्या ४के पेक्षा जास्त सांगते. शिवाय शेतकरी या व्हिडिओत आधी ऐकतो ती बोली. ती नीट ऐकू आली नाही तर ठिपके मोजून काय करायचे?

चौकटीच्या आकारावर मात्र शंभर वर्षे ओढाताण चालली आहे. एडिसनच्या कारखान्यात विल्यम डिक्सन यांनी १८९० च्या सुमारास पस्तीस मिलिमीटरची पट्टी आणि चौकटीमागे चार भोके असे माप धरले, त्यातून चार रुंद, तीन उंच हा आकार आला. फाळक्यांची चौकट याच घराण्यातली. टीव्हीनेही तीच उचलली. मग टीव्हीसमोर बसलेल्या प्रेक्षकाला घराबाहेर काढण्यासाठी १९५३ साली हॉलिवूडने सिनेमास्कोपचा लांबरुंद पडदा आणला. आपल्याकडे १९५९ चा ‘कागज के फूल’ त्या पडद्यावरचा पहिला हिंदी चित्रपट मानला जातो. १९८० च्या दशकात नव्या टीव्हीचे माप ठरवताना अमेरिकेतले अभियंते कर्न्स पॉवर्स यांनी वापरात असलेले सगळे आकार कागदावर एकावर एक ठेवून पाहिले. जुन्या चौकोनी चित्रालाही आणि लांबट सिनेमालाही त्यातल्या त्यात कमी काळी पट्टी लागेल असे माप निघाले १६:९. हीच ती तडजोड. त्या मापाचा मूळचा असा एकही चित्रपट नव्हता, तरी आज घराघरातला टीव्ही त्याच मापाचा आहे.

मोबाइलने हे माप घेतले आणि उभे केले. उभा धरलेला व्हिडिओ सुरुवातीला अडाणीपणाचा मानला जाई. जून २०२० अखेर भारतात टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणले, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी भारतातच सुरू केली, आणि ९:१६ ला प्रतिष्ठा मिळाली. वृत्तवाहिन्यांची यात पंचाईत झाली. कांद्यावर निर्यातशुल्क लागले, लिलाव बंद पडले की आवारातून येणारे व्हिडिओ बहुधा उभे असतात आणि टीव्हीची खिडकी आडवी. मग मधोमध चिंचोळे चित्र आणि दोन्ही बाजूंना त्याचीच धूसर सावली पसरून जागा भरली जाते.

लिलावाला कोणता आकार शोभतो याचे उत्तर काय दाखवायचे आहे त्यावर ठरते. बोली पुकारणारा माणूस, त्याच्यासमोरची ट्रॉली आणि हातात उचललेला कांदा एकाच चौकटीत हवा असेल तर उभा मोबाइल बरा. आवक किती झाली हे दाखवायचे तर तो आडवाच धरावा लागतो, कारण हंगामात लासलगावची रांग उभ्या चौकटीत मावत नाही. भाव पडण्याचे कारण बऱ्याचदा त्या रांगेतच असते, आणि उभ्या व्हिडिओत नेमकी तीच कापली जाते.