नवं ग्राफिक्स, जुना खेळ : संगणकावरच्या गेमचा उजेड कुठून कुठे आला?

(छत्रपती संभाजीनगर येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

आजचा विषय ऐकून काही ज्येष्ठांच्या कपाळावर आठ्या आल्यात, ते इथून दिसतंय. गेमचा कसला आलाय इतिहास? पण आपल्यापैकी किती घरांत गेल्या दोन-तीन वर्षांत मुलानं ग्राफिक्स कार्डासाठी हट्ट धरला, हप्ते बांधले, ते आठवा. ज्या वस्तूवर आपण एवढा पैसा घालतो, तिचा इतिहास विचारायला हरकत नसावी. प्रश्न साधा आहे. नवं ग्राफिक्स आलं की गेम खरंच सुधारतो का?

सुरुवात १९९३ पासून करू. त्या डिसेंबरात 'डूम' आला. तेव्हा घरच्या संगणकांत त्रिमितीचं काम करणारं ग्राफिक्स कार्ड नसायचं, सगळं चित्र मुख्य प्रोसेसर काढायचा. त्यात खोलीवर खोली रचता येत नव्हती, म्हणजे दुमजली घर शक्य नव्हतं. पण प्रत्येक खोलीचा उजेड कमी-जास्त करता यायचा. कर्त्यांनी तेवढंच हत्यार वापरलं. दिवा लुकलुकतो, विझतो, आणि अंधारातून राक्षस अंगावर येतो. तंत्र तोकडं होतं, पण त्यातला प्रत्येक तुकडा खेळाच्या कामाला जुंपलेला होता.

१९९६ साली 'क्वेक' आला, तो पूर्ण त्रिमितीचा. आता इथे जरा थांबू, कारण आजच्या सगळ्या बोलण्याची किल्ली इथे आहे. 'क्वेक'मधला भिंतीवरचा उजेड आणि सावली तुमच्या संगणकावर मोजली जात नव्हती. ती कंपनीतल्या संगणकांवर आधीच मोजून, भिंतीवर चिकटवून, तयार पाठवलेली असायची. घरी पुरणपोळी करायची आणि विकतची आणून नुसती गरम करायची, एवढा फरक. मेहनत त्यांच्या स्वयंपाकघरात, तुमच्याकडे फक्त तवा.

त्याच वर्षी थ्रीडीएफएक्स कंपनीचं 'वूडू' कार्ड बाजारात आलं आणि १९९७ च्या जानेवारीत त्या कार्डासाठीचा 'जीएलक्वेक'. चित्र गुळगुळीत झालं, वेग वाढला, लोक थक्क झाले. पण एक गोष्ट फार कमी जणांनी पाहिली. जुन्या पद्धतीत प्रखर दिव्याखालची भिंत खरोखर झगझगायची, काही रंग अंधारातही चमकायचे. नव्या आवृत्तीत हे दोन्ही गेलं. म्हणजे नवं तंत्र आलं ते काहीतरी हातातून काढून घेऊनच आलं. इतिहासात असं नेहमी होतं, फक्त जाहिरातीत ते लिहीत नाहीत.

१९९८ चा 'थीफ' बघा. चित्रण त्या वर्षीच्या इतर मोठ्या गेमपेक्षा साधंच. पण पडद्याच्या खाली एक खडा होता. तुम्ही उजेडात आलात की तो उजळायचा, सावलीत गेलात की काळवंडायचा. अंधार म्हणजे लपायची जागा. खेळाडू खोलीत शिरला की आधी दिवे मोजायचा. इथे उजेड हा खेळाचा नियम झाला, नुसती शोभा राहिली नाही. हा फरक लक्षात ठेवा.

आता आपल्या गावाकडे येऊ. दोन हजारच्या दशकाची सुरुवात. सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून 'काउंटर-स्ट्राइक' आणि 'व्हाइस सिटी' खेळणारी पिढी आज चाळिशीकडे झुकलीय, त्यातले काही समोर बसलेत, हसतायत. भारनियमनात वीज गेली की खेळ तिथेच संपायचा. त्या काळात ज्यांच्याकडे वेगळं कार्ड असायचं, त्यांच्यातल्या अनेकांकडे 'जीफोर्स ४ एमएक्स' असायचं, कारण ते स्वस्त. २००३ साली 'प्रिन्स ऑफ पर्शिया : सँड्स ऑफ टाइम' आला आणि या कार्डावर तो चालेना. का? तर त्याला पिक्सेल शेडर लागायचं. ते २००१ च्या 'जीफोर्स ३' मध्ये होतं, आणि नावात चार असलेल्या या एमएक्समध्ये नव्हतं! आकडा मोठा, पिढी मात्र मागची. मग पोरांनी 'थ्रीडी अ‍ॅनालाइझ' नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर शोधलं, जे गेमला थाप मारायचं की कार्डात सगळं आहे. गेम अडखळत का होईना, सुरू व्हायचा. तंत्रज्ञानाचा इतिहास कंपन्यांच्या घोषणांत जेवढा असतो, तेवढाच या जुगाडात असतो, असं आम्ही मानतो.

२००४ हे वर्ष तुलनेला फार सोयीचं. ऑगस्टमध्ये 'डूम ३' आला. त्यात सावल्या खेळताना, जागच्या जागी मोजल्या जात. दिवा हलला की सावली हलायची. पण हातात टॉर्च धरला तर बंदूक धरता येत नव्हती. कुणी म्हणालं, भीती वाढवण्याची ही उत्तम युक्ती. कुणी म्हणालं, हा काय वैताग. लोकांनी स्वतःच बदल करून टॉर्च बंदुकीला चिकटवला, आणि २०१२ च्या आवृत्तीत कर्त्यांनीही टॉर्च बंदुकीसोबत वापरायची सोय दिली. नोव्हेंबरमध्ये 'हाफ-लाइफ २' आला. त्याचा उजेड बराचसा जुन्याच पद्धतीचा, आधी मोजून चिकटवलेला. तरी शहर जास्त खरं वाटलं. आणि त्यातली खरी नवलाई उजेडात नव्हतीच, ती वस्तूंच्या वजनात होती. फळी उचला, फेका, तराफा तरंगवा. हातांना नवं काम मिळालं.

२००७ मध्ये 'क्रायसिस' आला. त्याच्या सगळ्यात वरच्या पातळीचं चित्र हवं तर नवं विंडोज व्हिस्टा आणि डायरेक्टएक्स १० घ्या, असं सांगितलं गेलं. थोड्याच दिवसांत लोकांनी सेटिंगच्या फायलीत चार ओळी बदलून जुन्या एक्सपीवर त्यातलं बहुतेक सगळं चालू करून दाखवलं. ज्यांनी त्यासाठी संगणक बदलला होता, त्यांना काय वाटलं असेल?

आणि मग २०१८. 'आरटीएक्स' कार्डं आली, रे ट्रेसिंग घेऊन. कल्पना नवी नव्हती. प्रकाशकिरणांचा मागोवा घेऊन चित्र काढायचं शास्त्र १९६८ पासून मांडलं गेलं होतं, टर्नर व्हिटेड यांचा प्रसिद्ध निबंध १९८० चा. नवं एवढंच की आता ते खेळता खेळता मोजता येऊ लागलं. सप्टेंबरमध्ये कार्ड विक्रीला आलं तेव्हा ते वापरणारा एकही गेम दुकानात नव्हता. पहिला, 'बॅटलफील्ड ५', नोव्हेंबरात आला.

आता ती पुरणपोळी आठवा. २०२१ ची 'मेट्रो एक्झोडस'ची सुधारित आवृत्ती आणि २०२४ चा 'इंडियाना जोन्स', हे दोन्ही रे ट्रेसिंगच्या कार्डाशिवाय चालतच नाहीत. यात कर्त्यांचा फायदा खरा आहे. पूर्वी खोटे दिवे हातानं लावायचे, उजेड मोजायला तासन्‌तास थांबायचं, भिंत हलवली की पुन्हा सगळं. आता दिवा ठेवला की उजेड लगेच समोर. कलाकाराचा वेळ वाचतो, हे चांगलंच आहे. पण जी मोजणी कंपनीत एकदा व्हायची, ती आता तुमच्या घरी, सेकंदाला तीस-साठ वेळा होते. कार्ड तुमचं, वीजबिल तुमचं. म्हणजे नव्या ग्राफिक्सनं काम पुष्कळसं नाहीसं केलं नाही, त्याचा पत्ता बदलला. सुधारणा झाली का, हे विचारताना कुणाची झाली, हेही विचारायला हवं.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण घेऊ. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'नं 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' केला. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर पैसे उभे राहिले नाहीत, तरी काम सोडलं नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये तो आधी निन्टेंडो स्विचवर आला, म्हणजे चांगल्या पीसीच्या मानानं अगदी दुबळ्या यंत्रावर, आणि ऑक्टोबरात पीसीवर. पहाडी चित्रशैली, राजस्थानी वाड्यांची धाटणी, आणि कथा सांगायला छायाबाहुल्या. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. यंत्राची ताकद कमी होती, नजर नेमकी होती.

नजर म्हटलं की इथून शंभरेक किलोमीटरवर जावंच लागतं. अजिंठ्याला दहाव्या लेण्यात छद्दंत जातक रंगवलंय, इसवी सनापूर्वीच्या काळातलं. तीच हत्तीची कथा सतराव्या लेण्यात पुन्हा आहे, पाचव्या शतकातली. मधल्या काळात चित्रकारांच्या हाती नवं साहित्य आलं. त्यातला एक म्हणजे अफगाणिस्तानातून येणारा निळा दगड, लाजवर्द. जुन्या चित्रांत तो निळा नाही; गेरू, पिवळी माती, काजळी, चुना, हिरवी माती, एवढ्यावर भागवलंय. मग सतरावं लेणं दहाव्याची सुधारित आवृत्ती म्हणायचं का? आम्ही नाही म्हणणार. निळ्यामुळे नव्या चित्रकारांना जे सांगता आलं ते मोठंच आहे. पण जुन्या भिंतीवरचे हत्ती निळ्यावाचून अडलेले नाहीत.

*(श्रोत्यांच्या प्रश्नांतून)*

*मग नवं कार्ड घेऊच नये का?*

घ्या की, कोण नाही म्हणतंय. फक्त आधी बघा, तुम्ही खेळता काय. स्पर्धेत उतरणारी मुलं महागडं कार्ड असूनही सेटिंग सगळ्यात खाली ठेवतात, कारण त्यांना सावली नको, वेग हवा. पण ज्याला एखाद्या जगात निवांत फिरायचंय, त्याला खरा उजेड सुख देतो, आणि ते सुख खोटं नाही.

*पण पुढे सगळेच गेम नवं कार्ड मागायला लागले तर?*

काही मागू लागलेच आहेत, आणि आमची खरी काळजी तीच आहे. सायबर कॅफेतल्या त्या पोरांना जुन्या यंत्रावरही आत शिरायला फट होती. थाप मारून का होईना, दार उघडायचं. आता किरण मोजणारं यंत्र कार्डातच नसेल तर कुठलीही फाइल बदलून भागत नाही. त्यामुळे गेम करणारी जी मुलं इथे बसली आहेत, त्यांना एकच विनंती. तुमचा गेम ज्या संगणकावर तयार कराल, त्यावरच तपासू नका. मामाच्या घरच्या आठ वर्षं जुन्या संगणकावरही एकदा चालवून बघा.